पोटगीचा वाद फेडरल कोर्ट का घेत नाही? अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यू जर्सीत कौटुंबिक खटले चालवणाऱ्या एका वकिलांच्या कचेरीत मी पॅरालीगल, म्हणजे वकिलांची सहायक, आहे. मराठी बोलते म्हणून आपल्या लोकांचे फोन माझ्याकडे वळवले जातात, आणि त्यात एक वाक्य हमखास येतं: "इथलं कोर्ट आमचं ऐकतच नाही, आता फेडरलमध्ये (म्हणजे केंद्राच्या कोर्टात) जायचंय." त्यावर जे तेच तेच सांगत आले ते एकदा लिहून काढलं. हा कायदेशीर सल्ला नाही. राज्याराज्याचे नियम वेगळे असतात, तेव्हा पाऊल उचलण्याआधी वकिलाला विचाराच.

फेडरल कोर्ट म्हणजे राज्याच्या वरचं कोर्ट ना?

नाही. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. भारतात कोर्टांचा एकच जिना आहे: जिल्हा न्यायालय, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट. खाली हरलात की वरच्या मजल्यावर जायचं. अमेरिकेत एकाच वाड्यात शेजारीशेजारी दोन जिने आहेत, एक राज्याचा आणि एक फेडरल. दोन्ही थेट गच्चीवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टात, भेटतात. मधल्या कुठल्याही मजल्यावर एका जिन्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येत नाही. राज्याच्या जजने पोटगी जास्त लावली तर अपील राज्याच्याच अपील कोर्टात, मग राज्याच्या सर्वोच्च कोर्टात. त्यानंतर फेडरल कायद्याचा मुद्दा उरला असेल तरच वॉशिंग्टनला अर्ज, तोही ९० दिवसांत, आणि असे अर्ज क्वचितच दाखल करून घेतले जातात.

हातात आलेला कागद कुठल्या कोर्टाचा, हे कसं ओळखायचं?

पहिल्या पानाचा माथा बघा. "युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट" असं असेल तर फेडरल. नुसत्या "डिस्ट्रिक्ट कोर्ट"वर जाऊ नका, कारण टेक्ससमध्ये राज्याच्याच कोर्टाचं नाव डिस्ट्रिक्ट कोर्ट आहे आणि घटस्फोट तिथेच चालतात. न्यूयॉर्कमध्ये तर आणखी गंमत. तिथे घटस्फोट ज्या कोर्टात दाखल होतो त्याचं नाव "सुप्रीम कोर्ट", आणि ते उतरंडीत खालचं, पुरावे ऐकणारं कोर्ट आहे. एका काकांनी मला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला होता, "सूनबाईंनी थेट सुप्रीम कोर्टात केस टाकलीय!" त्यांना समजवायला अर्धा तास गेला.

पोटगीच्या वादाला फेडरल कोर्टाचा हा नकार आला कुठून? कायद्यात तसं लिहिलंय का?

लिहिलेलं नाही, म्हणून तर लोक फसतात. फेडरल कोर्टात जायचे मुख्य दोन रस्ते आहेत. एक, तुमचा दावा फेडरल कायद्यातून किंवा राज्यघटनेतून निघालेला असावा. दोन, दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राज्यांचे नागरिक असावेत आणि वाद ७५,००० डॉलरच्या वरचा असावा. या दुसऱ्या रस्त्याच्या कायद्यात "नवराबायकोचे खटले वगळून" असे शब्द कुठेही सापडणार नाहीत. तो अपवाद न्यायाधीशांनी घडवला, आणि त्याची सुरुवात १८५९ साली झाली.

ह्युल्डा बार्बर या बाईंना न्यूयॉर्कच्या कोर्टाने नवऱ्यापासून विभक्त राहण्याचा हुकूम आणि पोटगी मंजूर केली होती. नवरा, हायरम बार्बर, पैसे न देता विस्कॉन्सिनला निघून गेला आणि तिथे 'बायकोनेच मला सोडलं' असं सांगून घटस्फोट घेऊन बसला. बाईंनी विस्कॉन्सिनच्या फेडरल कोर्टात थकलेल्या पोटगीचा दावा लावला. त्या काळी बायकोचा पत्ता म्हणजे नवऱ्याचाच पत्ता असं कायदा मानायचा. मग दोघं वेगवेगळ्या राज्यांचे कसे, असा नवऱ्याचा युक्तिवाद होता. सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. विभक्त झालेल्या बाईचं घर तिचं स्वतःचं, असं सांगून वसुलीचा तिचा दावा मान्य केला.

म्हणजे खटला बाई जिंकल्या! पण जाता जाता कोर्टाने एक वाक्य टाकलं: घटस्फोट देणं किंवा पोटगी मंजूर करणं या विषयात फेडरल कोर्टांना अजिबात अधिकार नाही. निकालासाठी त्या वाक्याची काही गरज नव्हती. तरी पुढची दीडशेहून अधिक वर्षं सगळे तेच वाक्य धरून बसले आणि बाईंना पैसे मिळाले ही गोष्ट मागे पडली. मला विचाराल तर या सगळ्या विषयाची किल्ली त्या मागे पडलेल्या अर्ध्या भागात आहे. रक्कम ठरवणं हे राज्याच्या कोर्टाचं काम. ठरलेली, थकलेली रक्कम वसूल करणं हे निराळं काम, आणि तिथे फेडरल दार कधीकधी किलकिलं असतं.

१८९० साली बरस खटल्यात मुलाच्या ताब्याबद्दल कोर्टाने हीच भूमिका आणखी ठामपणे मांडली: नवराबायको आणि आईबापमुलं हा सगळा विषय राज्यांच्या कायद्याचा. मग खालची फेडरल कोर्टं 'घरातलं भांडण' दिसलं की फाइल परत पाठवायला लागली. शेवटी १९९२ साली अँकेनब्रँट खटल्यात सुप्रीम कोर्टाने लगाम ओढला. अपवाद फक्त तीन गोष्टींपुरता, असं स्पष्ट केलं: घटस्फोटाचा हुकूम देणं, पोटगी ठरवणं आणि मुलांचा ताबा ठरवणं. त्या प्रकरणात आईने मुलींच्या वतीने बापावर छळाबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावला होता. पक्षकार एका कुटुंबातले असले तरी मागणी त्या तीनपैकी नव्हती, म्हणून खटला फेडरल कोर्टात चालू शकतो असं ठरलं. हा अपवाद घटनेने घातलेला नाही, काँग्रेसच्या (म्हणजे अमेरिकी संसदेच्या) कायद्याचा वर्षानुवर्षं लावलेला अर्थ आहे, हेही तेव्हा मान्य झालं.

मी न्यू जर्सीत, नवरा कॅलिफोर्नियात, मागणी दोन लाख डॉलरची. तरी नाही?

पोटगी नव्याने ठरवून हवी असेल, वाढवून किंवा कमी करून हवी असेल, तर नाही. रक्कम कितीही मोठी असो.

राज्याच्या कोर्टाचा अंतिम हुकूम हातात आहे, थकबाकीचा आकडा पक्का आहे आणि तो ७५,००० च्या वर आहे, तर बार्बरबाईंची वाट तात्त्विकदृष्ट्या मोकळी आहे. व्यवहारात आमच्या कचेरीतून मी कुणाला त्या वाटेने गेलेलं पाहिलेलं नाही. पुढे बदलू शकणारा हुकूम असला की फेडरल जज हात आखडता घेतात, आणि राज्याराज्यांत वसुलीची यंत्रणा आता बरीच सोपी झाली आहे.

आम्ही दोघं अजून भारतीय नागरिक. तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. आम्हाला 'वेगळ्या राज्याचे नागरिक' हा रस्ता लागू होतो?

होत नाही. परदेशी नागरिकाचा परदेशी नागरिकावर दावा या रस्त्यात बसत नाही, मग एक डॅलसला राहो आणि दुसरा सिएटलला. एकाकडे ग्रीन कार्ड असेल, दुसरा अमेरिकन नागरिक असेल आणि दोघांचं कायमचं घर एकाच राज्यात असेल, तरीही नाही. आणि एक फारच अनपेक्षित फट: अमेरिकन नागरिकत्व घेऊन जो माणूस कायमचा पुण्याला परतला, तो या कायद्याच्या दृष्टीने कुठल्याच राज्याचा नागरिक उरत नाही. तो परदेशीही नाही. अशा माणसासाठी हा दरवाजा दोन्ही बाजूंनी बंद.

घटस्फोट आणि पोटगी मात्र राज्याच्या कोर्टात मागता येते. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, त्या राज्यातलं वास्तव्य लागतं.

जजने माझी बाजूच ऐकली नाही. हा घटनात्मक हक्कांचा भंग आहे. मग तर फेडरल प्रश्न झाला ना?

सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथे वाया जातो. नाव घटनेचं, पण मागणी "तो पोटगीचा हुकूम रद्द करा" अशी असेल, तर फेडरल जज आधी मागणी बघतो. वाटेत तीन भिंती आहेत.

पहिली, रूकर-फेल्डमन. १९२३ आणि १९८३ च्या दोन निकालांवरून पडलेलं हे नाव. राज्याच्या कोर्टात हरलेला पक्षकार त्याच निकालाविरुद्ध फेडरल जिल्हा कोर्टात दाद मागू शकत नाही. जिन्यांची उडी नाही म्हटलं ते हेच. २००५ साली सुप्रीम कोर्टाने हा नियम आटोपशीर केला, पण पोटगीच्या हुकुमावर उघड नाराज होऊन आलेला माणूस अजूनही त्यात अडकतो.

दुसरी, यंगर. १९७१ सालच्या निकालापासून चालत आलेला संयम. राज्याच्या कोर्टात कारवाई चालू असताना फेडरल कोर्ट मध्ये पडत नाही. पोटगी न भरल्याबद्दल अवमानाची नोटीस आली, अटक होईल म्हणून धावत फेडरल कोर्टात स्थगिती मागायला गेलात, तर बहुधा रिकाम्या हाताने परत याल. कोर्टाच्या अवमानाच्या कारवाईलाही हा संयम लागू होतो, हे १९७७ सालीच ठरलं आहे.

तिसरी, जजचं संरक्षण. न्यायदानाच्या कामात केलेल्या कृतीबद्दल जजवर नुकसानभरपाईचा दावा टिकत नाही, तो चुकला असला तरी. १९७८ चा निकाल आहे आणि तो फार कडक आहे.

मग घटनेचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण नेम वेगळीकडे धरावा लागतो. विस्कॉन्सिनमध्ये एक कायदा होता: मुलांच्या खर्चाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय पुन्हा लग्न करता येणार नाही, आणि थकबाकी असेल तर परवानगी नाही. एका तरुणाने त्या कायद्यालाच फेडरल कोर्टात आव्हान दिलं, आणि १९७८ साली झाब्लॉकी खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. 'माझी पोटगी कमी करा' असं त्याने मागितलं नव्हतं, म्हणून त्याचं ऐकलं गेलं.

राज्याच्या कोर्टात आलेली केस फेडरल कोर्टात हलवून घेता येईल का?

अर्ज भरता येतो, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत. जी केस मुळात फेडरल कोर्टात दाखल होऊ शकली नसती ती हलवूनही राहत नाही, काही आठवड्यांनी परत येते. वर समोरच्याच्या वकिलाचा खर्च तुमच्या माथी बसू शकतो. फेडरल कोर्टाची दाखल फी ४०५ डॉलर आहे, तीही गेली.

पण समोरच्या पक्षाला फेडरल कोर्ट चालणार असेल तर?

तरी नाही. दोघांनी संमती दिली म्हणून विषयावरचा अधिकार निर्माण होत नाही. कुणी हरकत घेतली नाही तरी जज स्वतःहून केस काढून टाकू शकतो, अगदी वर्षभर चालल्यावरसुद्धा.

मुलाचा बाप मुद्दाम दुसऱ्या राज्यात गेला. फेडरल सरकार नुसतं बघत बसतं?

नाही. उलट पैसे, कायदे आणि धाक या तिन्ही बाबतीत फेडरल सरकार यात बरंच गुंतलेलं आहे. फक्त तुमचा दावा ते आपल्या कोर्टात घेत नाही.

१९७५ पासून प्रत्येक राज्यात चाइल्ड सपोर्टची (मुलांच्या खर्चाच्या वसुलीची) कचेरी फेडरल पैशावर चालते. पगारातून परस्पर कपात, टॅक्स रिफंड अडवणं, २,५०० डॉलरच्या वर थकबाकी गेली की अमेरिकन पासपोर्ट नाकारणं, हे सगळं तिथून होतं. (भारतीय पासपोर्टवर त्याचा परिणाम नाही, हे मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच.) एका राज्याचा हुकूम दुसऱ्या राज्याने जसाच्या तसा पाळायचा, असा फेडरल कायदा १९९४ साली झाला. सगळ्या राज्यांनी स्वीकारलेला एक समान कायदाही आहे. त्यामुळे न्यू जर्सीचा हुकूम टेक्ससमध्ये नोंदवून तिथल्या मालकाकडून पगार कापून घेता येतो.

फौजदारी बाजूही आहे. मूल दुसऱ्या राज्यात राहतं, बाप ऐपत असून जाणूनबुजून देत नाही आणि रक्कम वर्षभर थकली किंवा ५,००० डॉलरच्या वर गेली, तर तो फेडरल गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. दोन वर्षं किंवा १०,००० डॉलर ओलांडले की दोन वर्षांपर्यंत. मात्र हा खटला सरकारी वकीलच भरू शकतो. तुम्ही जाऊन फेडरल कोर्टात फिर्याद ठोकू शकत नाही, आणि सरकारी वकीलही बाकी सगळे उपाय थकल्यावरच हात घालतात.

आणखी एक आडवळणाची तरतूद आहे, तिची कुणाला फारशी माहिती नसते. दुसरं राज्य वाजवी वेळेत वसुली करत नसेल, तर पहिलं राज्य फेडरल खात्याकडे अर्ज करून फेडरल कोर्टात दावा लावण्याची मंजुरी मागू शकतं. तिथे ७५,००० ची अटही नाही. पण मागणार राज्य, तुम्ही नाही.

राज्याची कचेरी कामच करत नाही. तिच्यावर फेडरल कोर्टात दावा?

ॲरिझोनातल्या पाच आयांनी हेच केलं होतं. १९९७ साली ब्लेसिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की राज्याने योजना एकंदरीत नीट राबवावी ही अट केंद्र आणि राज्य यांच्यातली आहे, त्यातून एकेका आईला दावा करण्याचा हक्क मिळत नाही. मला हा निकाल कधीच पटला नाही, पण आहे तो असा आहे.

बायकोसाठी ग्रीन कार्ड करताना सही केलेला 'ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट', त्याचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि नेमका इथे फेडरल दरवाजा उघडा आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या जोडीदाराने आय-८६४ फॉर्मवर (हाच तो ॲफिडेव्हिट) सही केली म्हणजे सरकारशी करार केला: या व्यक्तीचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांखाली जाऊ देणार नाही. २०२५ च्या आकड्यांप्रमाणे एकट्या माणसासाठी ती रेषा वर्षाला १५,६५० डॉलर, म्हणजे हमी साधारण १९,५६२ डॉलरची. तिची स्वतःची कमाई त्यातून वजा होते.

घटस्फोटाने ही जबाबदारी संपत नाही. ती नागरिक झाली, कामाच्या ४० तिमाह्या भरल्या, देश कायमचा सोडून गेली किंवा दोघांपैकी एक वारलं, तर संपते. फेडरल कायद्यातूनच हा हक्क निघत असल्याने बहुतेक फेडरल कोर्टं असे दावे घेतात. ही पोटगी नव्हे, करार आहे, म्हणून तो जुना अपवाद आडवा येत नाही. नोकरीतून ग्रीन कार्ड मिळालं असेल तर मात्र सहसा हा फॉर्म भरलेलाच नसतो. फाइल उघडून बघा.

त्याने दिवाळखोरी जाहीर केली. दिवाळखोरीचं कोर्ट तर फेडरल असतं.

असतं, पण पोटगी आणि मुलांचा खर्च तिथे माफ होत नाही. रक्कम ठरवण्याची राज्यातली कारवाईही थांबत नाही. घराच्या किंवा बचतीच्या वाटणीतले पैसे मात्र दिवाळखोरीच्या प्रकारानुसार अडचणीत येऊ शकतात, तिथे वेगळा वकील गाठा.

नवरा परदेशी वकिलातीत नोकरीला आहे. त्याच्यावर राज्याचं कोर्ट चालतं?

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडमधल्या रुमानियाच्या उपवाणिज्यदूताने १९३० साली नेमका हाच आक्षेप घेतला होता: माझ्यावरचे खटले फक्त फेडरल कोर्टात चालतील असा कायदा आहे. सुप्रीम कोर्ट म्हणालं, घटस्फोट आणि पोटगी सोडून. ओहायोचं कोर्टच चालवेल. राजनैतिक संरक्षण असलेल्या मोठ्या अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी.

पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयाने पोटगी लावलीय, तो अमेरिकेत आहे. इथल्या फेडरल कोर्टात वसूल होईल?

त्या आशेवर राहू नका. परदेशी पैशाचे निकाल मान्य करण्यासाठी राज्यांनी जो नमुना कायदा घेतला आहे त्यातूनही पोटगी वगळलेली आहे. पोटगी वसुलीच्या २००७ च्या हेग करारात अमेरिका आहे, भारत नाही. उरतं राज्याचं कोर्ट, आणि तिथेही नवऱ्याला नोटीस रीतसर पोचली होती का, त्याला बोलायची संधी मिळाली होती का, यावर सगळं अवलंबून.

उलट दिशेलाही घोडं अडतंच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली काही देशांचे हुकूम भारतात थेट बजावता येतात. संयुक्त अरब अमिरात २०२० पासून त्या यादीत आहे, अमेरिका नाही. म्हणून अमेरिकेतल्या हुकुमावर भारतात नवा दावा लावावा लागतो, तोही तीन वर्षांत. त्यापेक्षा भारतात राहणारी पत्नी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली (जुनं कलम १२५) तिथेच अर्ज करते, ते बरेचदा सोपं पडतं.

मग माझी नोकरी गेलीय आणि पोटगी परवडत नाही, तर मी जाऊ कुठे?

ज्या कोर्टाने हुकूम दिला त्याच कोर्टात, आणि याच आठवड्यात. १९८६ पासून फेडरल कायदाच सांगतो की मुलांच्या खर्चाचा प्रत्येक हप्ता देय झाला की आपोआप पक्कं कर्ज होतो. मागच्या तारखेने तो कुठलाही जज कमी करू शकत नाही. सूट मिळाली तर ती बदलाचा अर्ज दाखल होऊन समोरच्याला नोटीस गेल्यापासून पुढे. एच-१बीवरच्या माणसाला नोकरी गेल्यावर देशात राहण्याच्या ६० दिवसांच्या मुदतीची चिंता असते, तो व्हिसाच्या मागे धावतो आणि हा अर्ज राहून जातो. कुणी फेडरल कोर्टात सहा महिने घालवून येतो. ते सहाही हप्ते पूर्ण रकमेने अंगावर बसलेले असतात.

अर्जासोबत नोकरीवरून काढल्याचं पत्र, शेवटची पगारचिठ्ठी आणि नव्या नोकरीसाठी केलेल्या अर्जांची यादी जोडा. दाखल केल्याची तारीख असलेली प्रत मागून घ्या आणि ती हरवू देऊ नका.